गॅरेजच्या कोब्याला तडे का गेले आणि आम्ही ते कसे दुरुस्त केले

परभणीत वसमत रोडला आमचं फोर व्हीलर रिपेअरचं गॅरेज आहे. बाबांनी 2009 ला पत्र्याचं शेड मारून सुरू केलं, चाळीस बाय साठ फूट, खाली सिमेंटचा कोबा. पहिल्या दोन-तीन वर्षांतच कोब्याला तडे गेले आणि मग दर उन्हाळ्यात वाढतच गेले. घराच्या पार्किंगमध्ये तडा गेला तर दिसायला वाईट दिसतं एवढंच, पण गॅरेजमध्ये तडा म्हणजे रोजच्या कामात आडवी येणारी गोष्ट. ट्रॉली जॅकने गाडी उचलताना जॅक गाडीखाली थोडा सरकावा लागतो, हे काम करणाऱ्याला माहीत आहे, आणि नेमकं त्याच वेळी त्याचं लोखंडी चाक भेगेत अडकलं की जॅकचं डोकं तिरकं होतं, गाडी स्टँडवर टेकायच्या आधीच. खाली पोरं झोपून काम करतात. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी फरशीच्या दिसण्याचा कधीच नव्हता.

बाबांच्या काळापासून एकच उपाय चालत आला होता, दिवाळीच्या साफसफाईत तड्यांमध्ये सिमेंटचा घोळ ओतायचा. पुढच्या मे महिन्यापर्यंत तो पापडासारखा सुटून यायचा, परत झाडून टाकायचा, परत ओतायचा. बहुतेक गॅरेजवाले हेच करतात आणि मिस्त्री लोकही हेच सांगतात.

विषय गंभीर झाला गाडी उचलणारी टू पोस्ट लिफ्ट घ्यायची ठरली तेव्हा. चार टनी लिफ्ट, दोन खांब, आणि ते खांब फक्त अँकर बोल्टवर, म्हणजे काँक्रीटमध्ये ड्रिल मारून ठोकलेल्या बोल्टवर उभे असतात, म्हणजे बोलेरो सहा फूट वर गेली की तिचं सगळं ओझं कोब्याच्या ताकदीवर. बसवणारा माणूस आला, त्याने एक ठिकाणी ड्रिल मारून जाडी मोजली, तीन इंचाच्या आसपास भरली, बाजूला हातभर अंतरावर तडा. तो म्हणाला, "मालक, यात अँकर धरणार नाही, आणि धरला तरी मी बसवणार नाही." मला त्याचा रागच आला नाही, उलट बरं वाटलं, कारण त्याने बोल्ट ठोकून पैसे घेतले असते तर कुणाला कळलंही नसतं.

मग ओळखीतल्या एका सिव्हिल इंजिनिअर सरांना बोलावलं. मला वाटलं होतं ते आल्या आल्या एखादं केमिकल सांगतील, पण त्यांनी आधी दुसरंच विचारलं, पावसाचं पाणी शेडवरून कुठं पडतं, गाड्या धुण्याचं पाणी कुठं जातं, बाहेरचा कडुनिंब किती वर्षांचा आहे आणि कोणते तडे कोणत्या महिन्यात रुंद होतात. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि सर म्हणाले की ते उत्तर मिळाल्याशिवाय एक रुपया खर्च करू नका. "तडा भरायचा की नाही हे नंतर बघू, आधी तो चालू आहे की थांबलाय ते कळू दे."

चालू तडा आणि थांबलेला तडा हा फरक मला त्या दिवशी पहिल्यांदा कळला आणि पुढचं सगळं काम त्याच्यावरच झालं.

सिव्हिलवाले भिंतीच्या तड्यावर काचेची पट्टी चिकटवतात, तडा हलला की काच फुटते. गॅरेजच्या फरशीवर काच टिकणार नाही, गाड्या जातात. म्हणून आम्ही प्रत्येक मोठ्या तड्याच्या दोन्ही बाजूंना ड्रिल मारून स्टीलचे स्क्रू एपॉक्सीत, म्हणजे दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या केमिकलमध्ये बसवले, डोकी फरशीच्या लेव्हलला, डोक्यावर पंचने बारीक ठिपका, आणि दोन ठिपक्यांमधलं अंतर व्हर्नियरने मोजायचं. व्हर्नियर आपल्याकडे असतंच. बारीक तड्यांची रुंदी फिलर गेजने, म्हणजे मापाच्या पातळ पात्यांनी मोजली, इंजिनचे टॅपेट सेट करायचं तेच गेज. आणि तड्याच्या दोन बाजूंची लेव्हल वरखाली आहे का ते सिलिंडर हेड तपासायच्या स्ट्रेट एजने. सगळी हत्यारं घरचीच निघाली. महिन्यातून एकदा मोजायचं, भिंतीवर ऑइल पेंटने तारीख आणि आकडा लिहायचा. मे मध्ये सुरू केलं, दिवाळीपर्यंत चित्र स्पष्ट झालं, आणि मोजणं पुढंही चालू ठेवलं.

जे समोर आलं ते मला खरंच बघण्यासारखं वाटलं. शेडच्या मधोमध लांबीला आडवा एक मोठा तडा होता, सगळ्यात जुना आणि दिसायला सगळ्यात वाईट, दोन एमएम रुंद, तेलाने काळा पडलेला. तो जवळजवळ हललाच नाही. आणि पश्चिमेच्या भिंतीला धरून, भिंतीपासून चार-पाच फुटांवर, एक तडा होता ज्याच्याकडे आमचं फारसं लक्षही नव्हतं, तो मे मध्ये साडेपाच एमएम आणि सप्टेंबरच्या शेवटी दोनच्या खाली. शिवाय मे मध्ये भिंतीकडची बाजू खाली दबलेली आणि पावसाळ्यानंतर तीच बाजू वर. म्हणजे भिंतीकडचा पट्टा वर्षभर श्वास घेतल्यासारखा वरखाली होत होता आणि आम्ही दर दिवाळीला, तडा सगळ्यात बारीक असताना, त्यात सिमेंट भरत होतो. उन्हाळ्यात तो उघडला की सिमेंट सुटणारच.

कारण खाली काळी माती आहे. परभणीच्या माणसाला काळी माती सांगायची गरज नाही, एप्रिल-मे मध्ये शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि जूनच्या दोन चांगल्या पावसात त्या मिटतात. पण तीच माती कोब्याखाली गेली की आपण तिला विसरतो. दख्खनच्या काळ्या बेसॉल्ट खडकापासून झालेली ही माती, तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचा चिकणमातीचा प्रकार असतो, त्याचे अतिशय पातळ थर असतात आणि पाणी त्या थरांच्या मध्ये शिरतं, त्यामुळे माती फुगते, वाळली की आक्रसते. फुगतानाचा जोर एवढा असतो की तीन-चार इंचाचा कोबा तिला काहीच वाटत नाही.

शेडच्या मधला भाग मात्र वेगळा वागतो. वर पत्रा, खाली कोबा, त्यामुळे तिथल्या मातीत ओल येत-जात नाही, साधारण सारखी राहते. जे काही व्हायचं ते कडेला होतं, जिथं एका बाजूला ऊन आणि पाऊस आहे. म्हणून मधला तडा थांबलेला आणि कडेचा चालू. मधला मग कशाने गेला, तर तो मातीमुळे गेलेलाच नव्हता, तो सिमेंट आटल्यामुळे गेलेला. काँक्रीट वाळताना आक्रसतं, ढोबळ हिशोबाने मीटरला अर्धा एमएम धरा, आणि आमचा साठ फूट म्हणजे अठरा मीटर लांब कोबा एकाच पट्ट्यात, एकही जॉइंट न ठेवता टाकलेला. आक्रसायला जागा दिली नाही की काँक्रीट स्वतःची जागा करून घेतं. वाकडीतिकडी.

तिसरा प्रकार कॉलमपाशी. प्रत्येक लोखंडी कॉलमच्या कोपऱ्यातून एक-एक तिरका तडा निघालेला. कॉलमचा पाया खोल आहे, तो जागचा हलत नाही, कोबा मात्र वरच्या मातीवर तरंगतोय आणि हलतोय, आणि दोघं एकमेकांना सिमेंटने जखडलेले. मग कोपऱ्यातून फाटणारच. आणि चौथा प्रकार म्हणजे वरची बारीक जाळी, कोळ्याच्या जाळ्यासारखे केसाएवढे तडे, ते पृष्ठभागापुरतेच असतात. ओतताना पाणी जास्त, वरून कोरडं सिमेंट भुरभुरून थापी मारलेली आणि मग नीट पाणी मारलं नाही, की ही जाळी येते. त्याला घाबरायचं काहीच कारण नाही, पण गंमत बघा, गिऱ्हाईक येऊन नेमकं तेच दाखवतं.

सरांनी हातोडीने सगळ्या फरशीवर टकटक करत फिरायला लावलं आणि जिथं आवाज पोकळ येईल तिथं खडूने गोल करायला सांगितलं. पश्चिमेचा पट्टा जवळजवळ सगळाच पोकळ. मग तिथं दोन फूट बाय दोन फूट कोबा फोडून खड्डा घेतला. वर तीन-साडेतीन इंच काँक्रीट, खाली सहा-सात इंच मुरूम, तोही नुसता टाकून पसरलेला, हाताने उकरला जात होता, आणि त्याखाली सरळ काळी माती. मुरूम आणि कोब्याच्या मध्ये बोट जाईल एवढी पोकळी. त्या पोकळीवरून पंधरा वर्षं गाड्या जात होत्या.

खालची माती पिशवीत भरून सरांनी ती किती फुगते ते बघायची फ्री स्वेल टेस्ट केली, ती साधी आहे म्हणून सांगतो. माती वाळवून 425 मायक्रॉनच्या चाळणीतून चाळायची, दहा-दहा ग्रॅम दोन मापाच्या नळ्यांमध्ये टाकायची, एकीत डिस्टिल्ड वॉटर आणि दुसरीत रॉकेल, आणि चोवीस तास ठेवायचं. रॉकेलमध्ये ही माती फुगत नाही, पाण्यात फुगते, दोन्हीतला फरक भागिले रॉकेलमधलं माप गुणिले शंभर. पन्नास टक्क्यांच्या वर गेलं की माती त्रासदायक समजायची. आमची रॉकेलमध्ये दहा मिली राहिली आणि पाण्यात सतरापर्यंत चढली, म्हणजे सत्तर टक्के. दोन नळ्या शेजारी शेजारी बघितल्यावर बाबांना जे पटलं ते मी महिनाभर बोलून पटलं नव्हतं.

आता पाणी. इथं मला सगळ्यात जास्त सांगायचंय कारण लोक हे सोडून थेट केमिकलवर जातात. आमच्या शेडच्या पन्हाळीचा पाइप नेमका पश्चिमेच्या भिंतीच्या पायात सोडलेला होता, पावसाळ्यात सगळ्या पत्र्याचं पाणी तिथं मुरायचं. हिशोब करून बघा, चोवीसशे स्क्वेअर फूट पत्रा म्हणजे साधारण 223 चौरस मीटर, त्याच्यावर 50 एमएमचा एक पाऊस पडला तर अकरा हजार लिटर पाणी होतं, म्हणजे एक टँकर आणि वर थोडं. दर मोठ्या पावसाला एक टँकर भिंतीच्या पायात ओतल्यावर खालची काळी माती काय करणार. आणि उन्हाळ्यात उलटं, भिंतीच्या बाहेर दहा फुटांवर मोठा कडुनिंब, त्याची मुळं त्याच मातीतली ओल ओढून घेणार. म्हणजे पावसाळ्यात भरपूर ओल आणि उन्हाळ्यात ठणठणीत कोरडं, काळ्या मातीला जे नको तेच.

झाड तोडायचं नाही हे माझं आधीच ठरलं होतं, दुपारी पोरं त्याच सावलीत डबा खातात, आणि सर म्हणाले की एवढं जुनं झाड एकदम काढलं तर त्याने सुकवलेली माती नंतर ओल धरून फुगत राहते, म्हणजे तोडूनही त्रास. त्यामुळे झाड राहिलं. पन्हाळीचा पाइप मात्र फिरवून पुढं रस्त्याच्या नालीपर्यंत नेला, पीव्हीसीचा सहा इंची. वॉशिंग रॅम्पची नाली तडकलेली होती आणि तिथलं पाणी आतल्या आत मुरत होतं, ती नवीन केली. आणि पश्चिमेच्या भिंतीबाहेर साडेतीन-चार फूट रुंद सिमेंटचा पट्टा घातला, बाहेरच्या बाजूला उतार देऊन, भिंतीला लागून सीलंट भरून. हे सगळं पुढच्या पावसाळ्याआधी केलं, आतल्या फरशीला हातही न लावता. त्या पावसाळ्यातच कडेच्या तड्याची हालचाल आधीच्या वर्षापेक्षा कमी झाली, भिंतीवर लिहिलेले आकडे समोर होते. तोवर फरशीत खर्च काहीच नव्हता.

मग थंडी लागल्यावर आतलं काम काढलं. उन्हाळ्यात काँक्रीट टाकायचं नाही हे सरांचं पक्कं होतं, आपल्याकडं 44-45 डिग्री जातं, वरून गरम वारा, ओतलेलं काँक्रीट घट्ट व्हायच्या आधीच वरचं पाणी उडून जातं आणि पहिल्या दोन-तीन तासांतच तडे दिसायला लागतात.

पश्चिमेचा पट्टा, बारा फूट रुंद, भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, ब्रेकरने पूर्ण फोडला. मलबा निघाला, मुरूम निघाला, आणि मग काळी माती अडीच-तीन फूट खोल काढली. मिस्त्री म्हणत होते, "मालक, एवढं कशाला खोदता, फूटभर काढून दगड भरू." दगड भरला तर काळी माती फुगताना दगडांच्या फटीत वर सरकते आणि सोलिंग म्हणजे तो दगडाचा थर खाली बसतो, हे आपल्याकडच्या रस्त्यांवर सगळीकडे दिसतं. सरांनी सांगितलं की आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी यावरच काम केलं होतं, काळ्या मातीवर चिकटून बसणाऱ्या पण न फुगणाऱ्या मातीचा जाड थर नीट दाबून दिला की खालच्या मातीचं फुगणं आटोक्यात राहतं, याला सीएनएस थर म्हणतात, काळ्या मातीतल्या कालव्यांना तो वापरतात. आपल्याकडं चांगला मुरूम हे काम करू शकतो, पण चांगला पाहिजे. जिंतूर बाजूचा मुरूम मागवला. पहिली गाडी आली त्यात काळी माती मिसळलेली, मूठभर ओला करून वळला तर लाडू होऊन हाताला चिकटला, ती गाडी तशीच परत पाठवली.

मुरूम सहा-सहा इंचाच्या थरात टाकायचा, प्रत्येक थराला बेताचं पाणी आणि प्लेट कॉम्पॅक्टर. एकदम दोन फूट भरून वरून रोलर फिरवला तर वरचे सहा-आठ इंच दबतात आणि खालचं भुसभुशीत राहतं, 2009 ला हेच झालं असणार. प्रत्येक थर झाल्यावर मी लोखंडी सळई ठोकून बघायचो, सळई सहज आत गेली तर परत फिरवा. पोरांना कंटाळा आला होता, खरं तर हा सगळ्यात कंटाळवाणा भाग आहे आणि इथंच फरशीचं आयुष्य ठरतं.

त्यावर तीन इंच पीसीसी, म्हणजे सळई नसलेलं साधं काँक्रीट, मग जाड प्लास्टिकचा कागद, 250 मायक्रॉनचा, जोडाला फूटभर एकावर एक. हा कागद खालची ओल वर येऊ देत नाही आणि काँक्रीट आक्रसताना त्याला खालच्या थरावर सरकायला मोकळं ठेवतो. मग आठ एमएमच्या सळईची जाळी आठ इंचावर, आणि ही जाळी कव्हर ब्लॉकवर उचलून ठेवलेली, जाडीच्या वरच्या भागात, कारण तडा वरून उघडतो. मिस्त्री लोकांची सवय अशी की जाळी खाली अंथरायची आणि ओतताना हुकने वर ओढायची, ती वर येत नाही, तळाशीच राहते आणि स्टीलचे पैसे मातीत जातात. प्रत्येक कॉलमभोवती चौकोनी पेटी, पण कॉलमच्या तुलनेत तिरकी फिरवलेली, डायमंडसारखी, कडेला अर्ध्या इंचाचं थर्माकोल. भिंतीलाही थर्माकोल. म्हणजे नवीन फरशी कॉलमला आणि भिंतीला कुठंही चिकटलेली नाही, तिला काय हलायचं ते हलू दे.

लिफ्टची जागा वेगळीच केली. दोन्ही खांबांखाली मिळून एकच सलग ब्लॉक, एक फूट जाड, वर-खाली दोन जाळ्या बारा एमएमच्या, आणि त्या ब्लॉकमध्ये कुठंही जॉइंट नाही. बाकी फरशी सहा इंच, एम 25 ग्रेडच्या काँक्रीटची.

ओतायच्या दिवशी भांडण झालं ते पाण्यावरून. हाफ बॅग मिक्सर होता आणि पाण्यासाठी पोरगं पाइप धरून उभं. सरांनी पाइप बंद करायला लावला, दहा लिटरची बादली आणि मापाचा मग. सिमेंटच्या एका पोत्याला म्हणजे 50 किलोला वाळूतली ओल धरून पाणी पंचवीस लिटरच्या वर जाऊ द्यायचं नाही, त्यातून माल घट्ट वाटला तर माल सैल करणारं प्लास्टिसायझर नावाचं केमिकल टाकायचं, पाणी नाही. मिस्त्री वैतागले, "मालक, असा कोरडा माल सरकत नाही, माझी माणसं दमून जातील, जरा एक बादली वाढवू." मी म्हणलं मिस्त्री, तुमची माणसं दोन जास्त घ्या, त्यांची हजेरी मी देतो, पण पाणी तेवढंच. ते जास्तीचं पाणी पुढं उडून जातं आणि जेवढं उडालं तेवढं काँक्रीट आक्रसतं, पोकळ होतं, सगळ्या तड्यांची सुरुवात त्या एका बादलीत असते. व्हायब्रेटर फिरवला, स्क्रीड ओढला आणि वर सिमेंट भुरभुरू दिलं नाही, त्याऐवजी पृष्ठभाग कडक करणारं फ्लोअर हार्डनर मारून पॉवर ट्रॉवेल, म्हणजे मशीनची थापी फिरवली. मोठ्या शेडमध्ये ट्रिमिक्स करतात, म्हणजे ओतल्यावर वर चटई टाकून पंपाने जास्तीचं पाणी ओढून घेतात, ते फार चांगलं, पण आमच्या एका पट्ट्यासाठी मशीन कुणी आणायला तयार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रूव्ह कटिंग, म्हणजे आक्रसताना तडा सरळ रेघेत पडावा म्हणून फरशीत खाचा कापायच्या. यात वेळ महत्त्वाची, फार लवकर कापलं तर खडी उखडते, फार उशीर केला तर काँक्रीटने आपल्याआधी तडा पाडलेला असतो. सहा इंचाच्या फरशीला बारा-बारा फुटांवर, म्हणजे आमचे बरोबर चौकोन पडले, आणि खोली दोन इंच, जाडीच्या एक तृतीयांश. नुसती अर्धा इंच रेघ मारून दिली तर तिचा काही उपयोग नाही, कटिंगवाले तशी मारतात, ब्लेड वाचतं म्हणून. मी स्टीलची पट्टी घेऊन मागं मागं फिरलो.

मग पाणी. सिमेंटवाळूचे छोटे बांध घालून पूर्ण फरशीवर दोन इंच पाणी साठवलं आणि दोन आठवडे उतरू दिलं नाही. आजकाल बाजारात बहुतेक पीपीसी सिमेंट मिळतं, त्यात फ्लाय अॅश असते, त्याची ताकद हळू वाढते, म्हणून सात दिवसांवर थांबून चालत नाही. धंदा तेवढे दिवस अर्ध्या शेडमध्ये चालवला, गिऱ्हाईकांना गाड्या बाहेर लावायला सांगितल्या, एकाने छोटा हत्ती नवीन फरशीवर चढवायचा प्रयत्न केला तर बाबा स्वतः आडवे उभे राहिले.

जुन्या भागातले तडे त्याच काळात केले. मधला थांबलेला तडा एपॉक्सीने भरला, पण एपॉक्सीच्या आधीचं काम चौपट. गॅरेजच्या तड्यात पंधरा वर्षांचं ऑइल मुरलेलं असतं आणि एपॉक्सी तेलावर किंवा ओलीवर चिकटत नाही. आधी अँगल ग्राइंडरला डायमंड ब्लेड लावून तडा इंचभर खोल उघडला, तेल प्यालेलं काळं काँक्रीट जेवढं निघेल तेवढं काढलं. मग डीग्रीझर, तारेचा ब्रश, गरम पाणी, आणि हे पाण्याचे थेंब वर गोळे होऊन राहायचे थांबेपर्यंत परत परत, पाणी काँक्रीटमध्ये शोषलं गेलं म्हणजे तेल गेलं. मग सुकू दिलं. ओल तपासायला दीड फूट बाय दीड फूट प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवलं, सकाळी आतून घाम नव्हता. मग पातळ एपॉक्सी ओतलं, ते स्वतःच खोल उतरतं, आणि वरच्या उघडलेल्या भागात त्याच्यातच क्वार्ट्झची बारीक वाळू मिसळून भरलं. एपॉक्सीचे दोन भाग डोळ्यांनी अंदाज घेऊन मिसळायचे नाहीत, वजनकाट्यावर घ्यायचे, आणि थोडं थोडं करायचं, डब्यात जास्त ठेवलं की ते तापून तिथंच दगड होतं.

एपॉक्सी काँक्रीटपेक्षा मजबूत असतं आणि तेच चालू तड्यात नडतं, तडा हलला की एपॉक्सी सुटत नाही, त्याच्या शेजारचं काँक्रीट फाटतं आणि जुन्या तड्याला समांतर नवीन तडा मिळतो. म्हणून पूर्वेच्या कडेला एक थोडासा हलणारा तडा होता तो, आणि जुन्या-नव्या फरशीमधला जोड, पीयू सीलंटने भरला. रबरासारखं राहतं, ताणतं. बारा एमएम रुंद खाच, खाली फोमची दोरी म्हणजे बॅकर रॉड, आणि वर बारा एमएम सीलंट. ही दोरी लोक वाचवतात, पण ती नसली तर सीलंट तळालाही चिकटतं, तीन बाजूंनी धरलेलं सीलंट ताणू शकत नाही, फाटतं. सीलंटची 600 मिलीची एक सॉसेज म्हणजे लांबट पिशवी या मापाला चार मीटरच्या आसपास जाते, त्या हिशोबाने माल घ्या. गनने एका दमात भरायचं आणि मग साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या चमच्याने ओढायचं. आणि सीलंट भरायला तडा मध्यम उघडा असतो तो महिना निवडायचा, आमच्या आकड्यांवरून फेब्रुवारी निघाला.

बारीक जाळी तशीच ठेवली. नुसती धुऊन त्यावर डेन्सिफायर, म्हणजे काँक्रीटचा पृष्ठभाग घट्ट करणारं द्रव मारलं, धूळ उडायची थांबली.

लिफ्ट ब्लॉकला 28 दिवस पूर्ण झाल्यावर तोच माणूस परत आला. ड्रिल मारताना बिटवर एवढा जोर लागला की तोच म्हणाला, "आता बसवतो." बोल्ट टॉर्क रेंचने ओढले, पहिल्या आठवड्यानंतर परत तपासून ओढले, एकही ढिला झाला नव्हता.

त्यानंतर एक पूर्ण पावसाळा आणि एक उन्हाळा गेला. नवीन पट्ट्यात ग्रूव्हच्या तळाशी केसाएवढे तडे दिसतात, ते तिथंच पडावेत म्हणून तर ग्रूव्ह कापले होते, त्यात सीलंट भरलं. चौकोनांच्या मध्ये कुठंही तडा नाही. एपॉक्सीचा मधला तडा जागच्या जागी. जोडावरचे स्क्रू अजून मोजतो, वर्षभरात अर्ध्या एमएमच्या आतच हालचाल आहे. शटरसमोरचा पट्टा मात्र राहिलाय, तिथं पावसाची झड आत येते आणि रस्त्याच्या कामानंतर नालीची उंची वाढल्याने पाणी उलटं फिरतं, आधी ती नाली खाली घेतल्याशिवाय तिथली फरशी फोडायची नाही असं सरांचं म्हणणं आहे. नालीसाठी अर्ज दिलाय, आणि तोवर तिथल्या तड्याला चार स्क्रू लावून मोजायला सुरुवात केलीय.